न मागणारे साडूभाऊ

माझ्या साडूभाऊंनी उभ्या आयुष्यात कुणाकडे काही मागितलं असेल, असं मला अनेक वर्षं वाटत नव्हतं. जन्मल्याबरोबर सगळी बाळं दुधासाठी रडतात. साडूभाऊ नुसते आईकडे बघत राहिले असणार आणि त्या माउलीला काय ते आपोआप कळलं असणार. यात गर्व नाही, तत्त्व तर नाहीच. मागायची वेळ आली की त्यांची जीभ टाळ्याला चिकटते, इतकंच. जेवताना ताटातला भात संपला की ते ‘भात वाढ’ म्हणत नाहीत. ‘भात मोकळा झाला होता,’ असं समोरच्या भिंतीला सांगतात. या वाक्यातला ‘होता’ महत्त्वाचा. त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, लग्नानंतरची पहिली काही वर्षं हे कौतुक समजून लाजत स्वयंपाकघरात निघून जायची आणि साडूभाऊ रिकाम्या ताटात बोटाने रेघोट्या ओढत बसायचे. पुढे ताईंना ते व्याकरण उमगलं. आता ‘होता’ ऐकू आला की पातेलं घेऊनच बाहेर येतात.

परळच्या एका शिंप्याने त्यांच्या पँटचा डावा पाय उजव्यापेक्षा चांगला दोन बोटं आखूड शिवला. दुसरा कुणी असता तर ती पँट शिंप्याच्या टेबलावर आपटून आला असता. साडूभाऊंनी ती घातली आणि आठवडाभर संध्याकाळी त्या दुकानासमोरून फेऱ्या मारल्या. उजवा पाय गुडघ्यात किंचित वाकवून चालायचे, म्हणजे निदान फरक नजरेत भरेल. शेवटी शिंपी कळवळून बाहेर आला. म्हणाला, “साहेब, पायाला लागलंय का?” साडूभाऊ म्हणाले, “थोडंसं.” शिंप्याने स्टूल दिलं, पाणी दिलं, एका हाडवैद्याचा पत्ता दिला. पँट तेवढी राहिली.

रस्ता विचारणं हेही शेवटी मागणंच. एकदा त्यांना भायखळ्याला जायचं होतं. भोईवाड्यात राहणाऱ्या माणसाला भायखळा म्हणजे शेजार, पण ते चुकीच्या बसमध्ये चढले आणि ही बस कुठे जाते हे कंडक्टरला विचारण्यापेक्षा ती जाईल तिथे जाणं त्यांना सोपं वाटलं. बस गेली कफ परेडला. साडूभाऊ उतरून चालत चालत मच्छीमार नगरात पोचले आणि वाळत घातलेल्या बोंबलांसमोर एका उलट्या होडीला टेकून उभे राहिले. एक कोळीण मावशी तिथे सुकट निवडत होती. तिने यांना तसंच खांबासारखं उभं बघून विचारलं, “किती देऊ?” आता ‘नको’ म्हणायचं तर मावशीची माफी मागावी लागणार. साडूभाऊ थैलाभर सुके बोंबील घेऊन परत आले. मावशीला हे गिऱ्हाईक इतकं आवडलं की पुढे दर महिन्याला ती मुलाच्या टेम्पोतून बोंबील भोईवाड्याला पाठवायची. न मागता. साडूभाऊ मला म्हणाले, “बघ. जगात असं असायला पाहिजे.”

त्यांचं लग्नही असंच झालं. मुलगी बघायला ते लालबागला माझ्या सासऱ्यांच्या खोलीवर गेले, मुलगी पसंत पडली, आणि ‘मला ही मुलगी हवी’ हे वाक्य काही तोंडातून निघेना. मग त्यांनी दर रविवारी सकाळी तिथे जाऊन पेपर वाचायला सुरुवात केली. सासरे म्हणजे आमचे बाबा. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम केलेला मालवणी माणूस, शब्दाला धार. काही महिने त्यांनी हा पाहुणा सोसला. एका रविवारी त्यांनी साडूभाऊंच्या तोंडासमोरचा पेपर खाली केला आणि विचारलं, “अरे, तुका चेडू व्हया काय पेपर?”

साडूभाऊ म्हणाले, “दोन्ही चालतील.”

अशा माणसाला पुढे कॉम्प्युटर सापडला आणि तो त्यांचा झाला यात नवल नाही. मी धाकट्या मुलीशी लग्न केल्यावर त्यांनीच मला त्यांच्या ऑफिसात लावलं. अर्थात शब्द टाकून नाही. ते रोज मला बरोबर घेऊन जायचे आणि रिकाम्या खुर्चीशेजारी उभं करायचे. चौथ्या-पाचव्या दिवशी मालकांनी मला खुर्चीत बसवलं. ऑफिस लोअर परळला, जुन्या गिरणीच्या आवारात उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत. कंपनी लहान. आम्ही मुंबईतल्या लग्नाच्या हॉलांसाठी एक प्रोग्रॅम चालवतो. हॉल बुक करा, पंगतीचा बेत ठरवा, आणि कार्याच्या दिवशी पहाटे त्या हॉलच्या स्वयंपाकघरातल्या छोट्या प्रिंटरवर बेताचा कागद आपोआप निघतो. आचाऱ्याने तो कागद वाचायचा आणि कामाला लागायचं.

आता साडूभाऊंचं वेड सांगायचं तर या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. घाबरू नका, मलाही ती त्यांनी चहा पिता पिताच सांगितली होती. प्रोग्रॅम हा अनेक लहान तुकड्यांचा असतो. आम्ही त्यांना क्लास म्हणतो. प्रत्येकाचं काम ठरलेलं. एक बिल करतो, एक बेत सांगतो, एक कागद छापतो. छापणाऱ्याला बेत सांगणाऱ्याची गरज लागते, बिलवाल्याला दोघांची. पूर्वी ज्याला जे लागेल ते त्याने स्वतः शोधून आणायचं अशी रीत होती. नवी रीत अशी की प्रत्येक तुकड्याने आपल्या दारावर फक्त लिहून ठेवायचं, ‘मला बेत सांगणारा लागतो.’ बस. आणि जो तुकडा दुसऱ्यांच्या उपयोगी पडणार आहे, त्याच्या डोक्यावर चौकोनी कंसात एक शब्द लिहायचा, ‘सर्व्हिस.’ प्रोग्रॅम सुरू होताना एक यंत्रणा सगळीकडे फिरते, डोक्यावर खूण असलेले सगळे गोळा करते आणि ज्याच्या दारात ज्याची गरज लिहिली असेल त्याला तो नेऊन देते. कुणी कुणाला शोधायचं नाही, कुणी कुणाकडे जाऊन हात पसरायचा नाही.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा साडूभाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, असं ते स्वतः सांगतात. “अरे, न मागता मिळतं रे,” ते म्हणाले. “आणि देणाऱ्यालाही कळत नाही आपण दिलं म्हणून. कुणाचे उपकार नाहीत, कुणाला संकोच नाही. माणसांत हे कधी येणार?”

माणसांत आणायचा त्यांनी एक प्रयत्न करून पाहिला. रविवारी दुपारी ताईंना समोर बसवून म्हणाले, “घरात पण असं हवं. मी दारात येऊन नुसतं ‘चहा’ म्हणायचं. ज्याच्या डोक्यावर ‘चहा’ अशी खूण असेल, तो आपोआप कामाला लागेल.” ताईंनी निवडायची मेथी खाली ठेवली आणि विचारलं, “आणि ही खूण तुम्ही कुणाच्या डोक्यावर करणार आहात?” घरात दोनच माणसं होती. तेव्हापासून दुपारचा चहा ते करतात. चांगला करतात, आलं जरा जास्त पडतं.

ऑफिसात मात्र त्यांना अडवणारं कुणी नव्हतं. माझ्या खांद्यामागे उभे राहून माझा कोड वाचत असताना खूण नसलेला क्लास दिसला की एकदम थांबायचे. “हा बघ, हा बिचारा बोडक्या डोक्याने उभा आहे. कुणाला याचा पत्ताच नाही. उद्या कुणाला गरज लागली तर?” मी म्हणायचो, “साडूभाऊ, तो कुणाला लागतच नाही. जुना आहे, काढून टाकायचाय.” त्यावर ते मी वृद्धाश्रमाचा विषय काढल्यासारखे माझ्याकडे बघायचे. माझी पाठ वळली की त्या म्हाताऱ्या क्लासच्या डोक्यावर खूण झालेली असायची. आमचा प्रोग्रॅम सुरू व्हायला इतका वेळ का लागतो, असं हॉलवाले विचारायचे. त्याचं कारण ही सगळी आवतणं. 

या साऱ्यात एक क्लास होता शिऱ्याचा. खरा बेत सांगणारा क्लास हॉलच्या नोंदी बघून बेत सांगायचा. पण आम्ही आमच्या प्रोग्रॅमची चाचणी घेताना खऱ्या हॉलांना त्रास नको, म्हणून साडूभाऊंनी एक खोटा बेत सांगणारा लिहून ठेवला होता. त्याला काहीही विचारा, कुठल्याही पंगतीचं, कुठल्याही पदार्थाचं, तो एकच उत्तर द्यायचा: शिरा. शिराच का, असं मी विचारलं होतं. “त्या दिवशी सकाळी खाल्ला होता,” ते म्हणाले. या क्लासच्या डोक्यावर अर्थातच खूण नव्हती, आणि नसायलाच हवी होती.

बाबांच्या पंच्याहत्तरीचा समारंभ दादरच्या एका हॉलमध्ये रविवारी दुपारी ठरला. हॉल आमच्याच गिऱ्हाइकांपैकी. बेत बाबांनी स्वतः सांगितलेला, कोंबडी-वडे आणि सोलकढी. गोडाचा पदार्थ नाही, कारण बाबांना साखरेचा त्रास आणि ताईंचा पहारा. साखरेच्या डब्याला घरात कुलूप असतं म्हणतात. आदल्या शनिवारी संध्याकाळी साडूभाऊ फार खुशीत होते. सासऱ्यांचा समारंभ, आपल्या प्रोग्रॅमने छापलेला बेत, त्यातून रविवारी लग्नाची दाट तिथी, शहरभर आमचे हॉल भरलेले. घरी जाण्यापूर्वी त्यांनी सगळ्या क्लासांवरून एकदा नजर फिरवली. आणि कोपऱ्यात त्यांना तो शिरावाला दिसला. एकटा. बोडका. पुढे त्यांनीच मला सांगितलं, “सगळ्यांना खूण आहे आणि यालाच नाही, हे बघवेना रे. उद्या घरचं कार्य, त्यात याला वगळायचं?”

त्यांनी त्याच्या डोक्यावर ‘सर्व्हिस’ लिहिलं, नवा प्रोग्रॅम सगळ्या हॉलांसाठी चढवला आणि शीळ घालत घरी गेले.

पहाटे यंत्रणा नेहमीसारखी फेरीला निघाली. छापणाऱ्याच्या दारात लिहिलेलं, ‘बेत सांगणारा लागतो.’ या खेपेला तिला बेत सांगणारे दोन सापडले. दोघांच्याही डोक्यावर खूण. असे दोन निघाले की शेवटी सापडलेला धरायचा, असा तिचा नियम. शेवटी सापडला तो शिरावाला.

आम्ही दहाच्या सुमारास दादरच्या हॉलवर पोचलो तर जिन्यातच साजूक तुपाचा वास. बाबांनी नाक वर केलं आणि ते पुढे न जाता तिथेच उभे राहिले, देवळात घंटा ऐकून थांबावं तसे. साडूभाऊ आणि मी स्वयंपाकघरात धावलो. तिथे न्हाणीघराएवढ्या कढईत शिरा शिजत होता. वर बेदाणे पेरलेले. कोंबड्या तशाच बर्फात पडलेल्या. आचाऱ्याने आमच्या हातात कागद दिला. पहिली पंगत: शिरा. दुसरी पंगत: शिरा. डावी बाजू: शिरा. पेय: शिरा.

“अहो, पण पेय शिरा?” मी ओरडलो.

“तोच जरा पातळ ठेवलाय,” आचारी शांतपणे म्हणाला. “कागदावर आलं ते केलं, साहेब. मला वाटलं, काही नवस बोललाय तुम्ही लोक.”

साडूभाऊंचा चेहरा कोंबड्यांसारखा पांढरा पडला. त्यांनी पिशवीतून लॅपटॉप काढला, परातीवर ठेवला, शिरावाल्याच्या डोक्यावरची खूण पुसली. चूक दुरुस्त व्हायला वेळ लागला नाही. पण तोवर त्यांचा फोन वाजायला लागला होता. मालक. मला पलीकडचं सगळं ऐकू येत होतं, मालकांना ओरडायला फोनची गरज नसते. बाकीच्या हॉलवाल्यांनी कागद बघून मालकांना फोन केले होते आणि आपापल्या जुन्या माहितीवर निभावून नेलं होतं. एक गिरगावचा हॉल राहिला. तिथे आचारी नवा, आज्ञाधारक. त्याने सगळी माणसं कामाला लावून लग्नाच्या चारशे पानांना पुरेल एवढा शिरा केला होता. भाजी चिरायची बाकी, पुऱ्यांची कणीक मळायची बाकी, वरण नाही, मठ्ठा नाही. मुहूर्त साडेबाराचा. “मुलीचा बाप हॉलच्या पायरीवर डोकं धरून बसलाय,” मालक म्हणाले. “वरपक्षाला अजून कळलेलं नाही. सामान सगळं आहे, हात नाहीत. आचाऱ्यांच्या मुकादमाला विचारलं, आज एक माणूस मोकळा नाही. कुठूनही माणसं आण. नाही तर उद्या येऊच नकोस.” आणि फोन बंद.

साडूभाऊ परातीसमोर उभे राहिले. बाहेर हॉलमध्ये आमची सगळी पाहुणेमंडळी जमलेली. लालबागचे, परळचे, भायखळ्याचे. माम्या, काकू, बाबांचे साच्यावरचे जुने दोस्त, मच्छीमार नगरहून आलेली मावशीसुद्धा, नाकात नथ आणि अंगावर हिरवं लुगडं. दोनशे हात रिकामे, कोकम सरबताचे पेले तेवढे धरलेले. मला दिसत होतं, त्यांनाही दिसत होतं. फक्त एकदा मागायचं होतं.

“तू सांगतोस का?” त्यांनी मला विचारलं.

मी हो म्हणणारच होतो. तेवढ्यात ताई दारात आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. “तो नाही सांगणार,” त्या म्हणाल्या. “तुमचा शिरा आहे, तुम्ही सांगा.” आणि मग जरा मऊ आवाजात, “मी बाजूला उभी राहते.”

व्यासपीठावर बाबांसाठी सिंहासनासारखी खुर्ची ठेवली होती आणि माइक. साडूभाऊ माइकसमोर गेले. लोकांना वाटलं, जावई सासऱ्यांबद्दल दोन शब्द बोलणार. टाळ्या पडल्या. साडूभाऊंनी घसा साफ केला. पहिलं वाक्य त्यांनी समोरच्या भिंतीला सांगितलं, “गिरगावात एक लग्न आहे.” लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. “तिथे पुऱ्या व्हायच्या होत्या,” ते म्हणाले. हॉलमध्ये कुणाला त्या ‘होत्या’चा अर्थ कळेना. ते व्याकरण येणाऱ्या एकट्या ताईच. त्या बाजूलाच उभ्या होत्या, पण त्यांनी एक शब्द सुचवला नाही.

साडूभाऊंच्या कपाळावरून घाम निथळत होता. त्यांनी माइकची दांडी दोन्ही हातांनी धरली. मग भिंतीवरची नजर खाली आणली आणि माणसांकडे बघितलं.

“माझ्या हातून चूक झाली आहे,” ते म्हणाले. “एका मुलीच्या लग्नाचं जेवण माझ्यामुळे अडलंय. मला माणसं पाहिजेत. पुऱ्या लाटायला, बटाटे सोलायला. मी... मी तुमच्याकडे मागतोय. याल का?”

मग मागच्या रांगेतून मच्छीमार नगरच्या मावशीचा आवाज आला, “एवढंच ना? मग रडतोस कशाला? टेम्पो खाली उभाच हाय!”

आणि हॉल उठला. शालू नेसलेल्या माम्यांनी पदर खोचले. एका काकूने हॉलच्या आचाऱ्याकडून त्याची चार लाटणी हिसकावून घेतली. बाबांचे गिरणीतले दोस्त, वयं सत्तरीपुढची, ‘पाळी सुटली रे’ असं गिरणीची शिफ्ट सुटल्यासारखं ओरडत जिना उतरले. टेम्पोत एवढी माणसं बसली की बोंबलांचा वास दबला. उरलेल्यांनी टॅक्सीवाल्यांना हात केले. साडूभाऊ दारात उभे राहून प्रत्येकाला म्हणत होते, “तुम्ही पण? तुम्ही पण येताय?” त्यांचा विश्वास बसत नव्हता.

शेवटी व्यासपीठावर बाबा एकटेच राहिले. त्यांनी या गडबडीत कुणाचं लक्ष नाही असं पाहून शिऱ्याची वाटी मिळवली होती आणि पाठमोरे होऊन खात होते. ताईंनी ती काढून घ्यायला हात पुढे केला, तर वाटी छातीशी धरून म्हणाले, “माका सोडून खंय जातास? मी पण येतंय. थंयसर पण शिरो आसा मां?”

गिरगावच्या हॉलचं स्वयंपाकघर मी जन्मात विसरणार नाही. जमिनीवर चादरी अंथरून लालबाग-परळच्या बायका गोल बसलेल्या, जरीच्या साड्यांवर कणीक उडालेली. मावशी मासळी कापायच्या सफाईने बटाटे कापत होती. साच्यावरचे म्हातारे पुऱ्या तळत होते, एक सोडणारा, एक उलटणारा, एक काढणारा, आणि चौथा त्यांच्यावर खेकसणारा. साडूभाऊ सगळीकडे फिरत होते आणि आता त्यांचा बांध फुटला होता. “मामी, झारा द्या ना! काका, जरा सरका! कुणीतरी मीठ द्या!” इतक्या वर्षांचं साठलेलं मागणं त्यांनी त्या दोन तासांत मागून घेतलं. लागत नव्हतं तेसुद्धा मागितलं. मी त्यांच्या हातात एकाच वेळी तीन झारे पाहिले.

अक्षता पडल्या आणि पाचच मिनिटांत पहिली पंगत वाढली गेली. वरपक्षाला शेवटपर्यंत काही कळलं नाही. मुलाकडची एक आजी फक्त म्हणाली, “वाढपी जरा नटलेले आहेत, पण आग्रह फार प्रेमाने करतात.” मुलीच्या बापाला मात्र सगळं ठाऊक होतं. तो साडूभाऊंना शिव्या द्यायला आत आला होता. आत येऊन त्याने ते दृश्य पाहिलं आणि शिव्यांऐवजी हे लोक कोण, असं विचारलं. मग त्याला कळलं की कोपऱ्यात स्टुलावर बसलेल्या म्हाताऱ्याची आज पंच्याहत्तरी आहे आणि आपल्यासाठी तो आपला समारंभ टाकून आलाय. त्याने नव्या नवरीला बोलावलं. तिने हळदीच्या अंगाने, मुंडावळ्या सावरत, आरतीचं तबक आणलं आणि पीठ, तेल आणि वाफेच्या मधोमध बाबांना ओवाळलं. बाबांनी नवरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “सुखान ऱ्हवा.” मग साडूभाऊंकडे वळून, “जावयानू, तुमची मशीन अशीच बिघडत ऱ्हवांदे.” ताईंनी त्या दिवशी पहारा उठवला होता. बाबांनी किती शिरा खाल्ला ते कुणी बघितलं नाही, म्हणजे सगळ्यांनी बघितलं आणि कुणी बोललं नाही.

आमची कोंबडी-वड्यांची पंगत दादरला चार वाजता बसली. इतका आवाज करून जेवणारी पंगत मी नंतर पाहिली नाही.

सोमवारी साडूभाऊ राजीनामा लिहून घेऊन ऑफिसात आले. पण राजीनामा मंजूर करा, असं म्हणणं म्हणजे पुन्हा मागणंच, आणि आदल्या दिवशीचं बळ तोवर ओसरलं होतं. ते कागद मागे धरून मालकांच्या केबिनच्या दारात उभे राहिले. मालक फोनवर होते. मुलीचा बाप बोलत होता, आणि मालक नुसतं ‘हो हो, आमची पद्धतच आहे ती’ म्हणत होते. फोन ठेवून मालकांनी वर बघितलं. “काय हवंय?” साडूभाऊ म्हणाले, “काही नाही.” “मग कामाला लागा. आणि यापुढे कुठल्याही क्लासच्या डोक्यावर खूण करायची तर आधी दुसऱ्याला दाखवायची.” हा नियम ऑफिसात अजून आहे. दुसरा म्हणजे मी.

नंतर काही आठवडे त्यांना मागण्याचं भरतं आलं होतं. टॅक्सीवाल्याकडे बडीशेप मागायचे, अनोळखी माणसाला थांबवून वेळ विचारायचे, मनगटावर घड्याळ असताना. शिंप्याकडे जाऊन पँटचं बोलले, पण तोवर कंबर बसेनाशी झाली होती. हळूहळू ते सगळं ओसरलं. घरी पुन्हा ‘भात मोकळा झाला होता’ सुरू झालं. ताईंचं म्हणणं, तेच बरं, कानाला सवय आहे.

आता त्यांची भोईवाड्याची इमारत पाडायला काढली आहे. नवी होईपर्यंत ते आणि ताई पार बदलापूरला भाड्याने गेलेत. तिथून रोज लोअर परळला येणं त्यांच्या गुडघ्यांना झेपत नाही, म्हणून मालकांनी त्यांना घरून काम करायला सांगितलं. माझ्या शेजारच्या खुर्चीवर आता कुरिअरचे खोके ठेवतात. बाबा गेल्या पावसाळ्यात गेले. रविवारी लालबागला जाण्याचं कारण उरलं नाही. त्यामुळे साडूभाऊ मला दिसतात ते सोमवार सकाळच्या मीटिंगला, स्क्रीनवरच्या एका चौकटीत, आणि तिथेही ते चेहरा दाखवत नाहीत. काळ्या चौकटीतून नुसता आवाज, “बरोबर. चालेल. हो.”

परवा त्यांचा कॅमेरा चुकून चालू राहिला. त्यांना कळलं नव्हतं. बनियनवर होते, खिडकीच्या गजांना कपाळ टेकवून उभे, हातात कप. समोर तिथे काय आहे मला माहीत नाही. ताई सांगतात, एक रिकामा प्लॉट आहे आणि मागे डोंगर. मालक नव्या हॉलांबद्दल बोलत होते. साडूभाऊ बाहेर कुणाशी तरी बोलत असावेत, ओठ हलत होते, मध्येच ते एकटे हसले. केस बरेच पांढरे झालेत, हे मला आवाजावरून कळलं नव्हतं. ‘कॅमेरा चालू आहे’ एवढं लिहून पाठवायला मला फार वेळ लागला नसता. मी पाठवलं नाही. मीटिंग संपली, एकेक चौकट विझत गेली. त्यांची तशीच राहिली. सगळे गेल्यावर मीही माझी चौकट विझवली नाही.